तराजू कोणाच्या हाती?

थोडक्यात सांगावे की विस्ताराने सांगावे, हा वाद आपल्या साहित्यात जुना आहे. तो कधी मिटला नाही, आणि मिटला नाही याचे कोणास फारसे दुःखही झाले नाही; कारण त्या वादाने ओवीचे पोट मारले नाही की आख्यानाचे. परंतु थोडक्यात सांगणाऱ्याच्या पदरी किती घालावे आणि विस्ताराने सांगणाऱ्याच्या पदरी किती, हा वाद अगदी अलीकडचा आहे. तो साहित्यसंमेलनाच्या मांडवात चाललेला नाही. समाजमाध्यमांच्या कंपन्या आपल्या हिशेबखात्यात तो परस्पर निकालात काढीत आहेत, आणि आपण त्या निकालाची प्रतही न मागता आपसांत भांडत आहोत. प्रस्तुत लेखाचा रोख त्या भांडणावर आहे.

भांडणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एकास दीर्घपक्ष म्हणू. त्याचे म्हणणे असे की, पाऊण तासाची मुलाखत, गावच्या जत्रेतल्या दशावताराचे साद्यंत चित्रण, अथवा ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ यांसारख्या ग्रामीण मालिका करावयास महिनोन्महिने खपावे लागते. उलट पाऊण मिनिटाची चित्रफीत कोणीही उठावे आणि करावी, तिला लक्षावधी डोळे मिळावेत, हा अन्याय आहे. सबब मोबदला मिनिटांवर ठरवावा. दुसरा लघुपक्ष. त्याचे म्हणणे असे की, पाऊण मिनिटात हसविणे अगर रडविणे ही पाऊण तास बोलण्याहून अवघड कला आहे. लोक आम्हांस अधिक पाहतात, तरी दर पाहण्यामागे आमच्या हाती पडते ते दीर्घवाल्याच्या मानाने नगण्य. सबब मोबदला दर्शनांवर, म्हणजे ज्यास सर्वजण आता ‘व्ह्यू’ म्हणतात त्यावर, सारखा ठरवावा. दोन्ही पक्षांत तथ्यांश आहे; आणि माझ्या मते दोन्ही पक्ष चुकीच्या न्यायालयात चुकीची मागणी घेऊन उभे आहेत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण या वादात आवेश पुष्कळ असतो आणि आकडे कमी.

यूट्यूबच्या लांब चित्रफितीपुढे जी जाहिरात दाखविली जाते, तिच्या उत्पन्नातील शेकडा ५५ भाग चित्रफीत करणाऱ्यास मिळतो. ती जाहिरात त्याच्याच चित्रफितीवरची असते. तेव्हा पीक त्याच्या शेतातले आणि वाटाही त्याच्याच पिकाचा. ‘शॉर्ट्स’ नावाच्या लघुचित्रफितींची गोष्ट निराळी. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी आपल्या सरकारने बंदी घातली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शॉर्ट्सचा प्रयोग भारतातच सुरू झाला. प्रारंभी त्यास हिस्सा असा नव्हताच. कंपनीने एक निधी बाजूस काढून त्यातून बिदागी वाटली. जाहिरातीच्या उत्पन्नातील हिस्सा १ फेब्रुवारी २०२३ पासून मिळू लागला, आणि तो शेकडा ४५. परंतु हे ४५ आपल्या शेतातल्या पिकाचे नव्हेत. एका चित्रफितीवरून दुसरीवर बोट सरकत असताना मध्येच ज्या जाहिराती लागतात, त्यांचे महिन्याचे उत्पन्न एका सामाईक रांजणात जमा होते. त्यातून संगीताच्या मालकांचा भाग वेगळा काढतात. उरलेले प्रत्येक देशापुरते, ज्याचे जितके व्ह्यू त्या प्रमाणात, वाटून मग त्याचे शेकडा ४५ हाती ठेवतात.

आता या रांजणातली एक खुबी पाहावी. ज्या शॉर्टमध्ये दुसऱ्याचे गाणे वापरलेले नसते, तिच्या व्ह्यूंमागचे सारे उत्पन्न रांजणात पडते. एक गाणे वापरले तर अर्धे रांजणात आणि अर्धे संगीताच्या मालकांकडे. दोन वापरली तर एकतृतीयांशच रांजणात. परंतु काढून घेताना मात्र हा भेद नाही. गाणे वापरो वा न वापरो, वाटा व्ह्यूंच्या प्रमाणात आणि शेकडा ४५ च. आपल्याकडे भिशी चालते. तिच्यात एकाने पूर्ण हप्ता भरावा, दुसऱ्याने अर्धा, तिसऱ्याने एकतृतीयांश, आणि उचल मात्र तिघांनी सारखी घ्यावी, असा नियम कोणी सुचविला तर त्यास आपण भिशीतून उठवून लावू. येथे तोच नियम आहे. जात्यावरची ओवी स्वतःच्या गळ्याने म्हणणारी आजी पूर्ण हप्ता भरते. चित्रपटातल्या गाण्यावर ओठ हलविणारा अर्धा भरतो. आणि दोघांची उचल एक. कंपनी म्हणेल की हिशेब सोपा राहावा आणि गाणे वापरणाऱ्यास शिक्षा होऊ नये म्हणून आम्ही असे केले. हेतू वाईट नसेल. परंतु गाणे वापरणाऱ्याची शिक्षा टळली ती कोणाच्या पदरच्या पैशाने, हे सांगितल्यावाचून तो सोपेपणा न्याय्य ठरत नाही.

तेव्हा लघुपक्षाची तक्रार पोकळ नाही. तिला आणखी एक आधार आहे. उत्पन्नाच्या हिश्शाचा दरवाजा उघडण्यासाठी हजार वर्गणीदार तर हवेतच. शिवाय दीर्घवाल्यास वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे, अथवा लघुवाल्यास ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू, अशी अट आहे. चाळीस मिनिटांचा एक माहितीपट ६,००० वेळा पूर्ण पाहिला गेला की ४,००० तास भरतात. कोकणीत लघुचित्रफिती करणाऱ्याची मात्र गत पाहा. २०११ च्या जनगणनेत कोकणी ही मातृभाषा सांगणारे सुमारे साडेबावीस लाख होते. पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत प्रत्येक कोकणी माणसाने तीन महिन्यांत चार-चार वेळा पाहिले, तरी कोटीचा आकडा पुरा होत नाही. हिंदीस ही अट जड नाही. कारण त्याच जनगणनेत हिंदी सांगणारे सुमारे ५२ कोटी ८० लाख होते, आणि रांजण भाषेपुरता नसून देशापुरता आहे. मराठीचे सुमारे ८ कोटी ३० लाख म्हणजे आपण मोठे, अशा समजुतीत महाराष्ट्राने राहावे; सीमाभागात राहणाऱ्या आम्हांस शिरगणतीच्या न्यायाचा अनुभव थोडा अधिक आहे.

मग दीर्घपक्षाचे गाऱ्हाणे खोटे काय? तसेही नाही. त्यास दर जास्त मिळतो, परंतु दर मिळावयास गिऱ्हाईक दारात यावे लागते, आणि दाराकडे येणारी वाटच दुसरीकडे वळविलेली आहे. भ्रमणध्वनीवर यूट्यूब उघडावे तर शॉर्ट्सची रांग समोरच मांडलेली, आणि शिवाय तिचे स्वतंत्र कळदाबणीचे स्थान खाली कायमचे राखलेले. इन्स्टाग्रामने तर २०२० च्या जुलैत भारतात रील आणले आणि पाहता पाहता तो मंच रीलचाच झाला. जून २०२५ मध्ये यूट्यूबच्या प्रमुखांनी जाहीर केले की शॉर्ट्सना दररोज सरासरी २०० अब्जांहून अधिक व्ह्यू मिळतात. या आकड्याने छाती दडपते. परंतु त्याच वर्षी ३१ मार्चपासून शॉर्टचा व्ह्यू मोजण्याची रीत बदललेली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्या दिवसापासून चित्रफीत नुसती सुरू झाली, अगर पुन्हा सुरू झाली, की एक व्ह्यू धरला जातो. किती क्षण पाहिली याची अट नाही. पैसे मात्र या मोजणीवर मिळत नाहीत. त्यासाठी खरोखर थांबून पाहिलेल्या व्ह्यूंची मोजणी वेगळी ठेवलेली आहे. म्हणजे मिरविण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे.

सारांश असा की, लघुस प्रसिद्धी मिळते, पैसा मिळत नाही. दीर्घास पैसा मिळू शकतो, प्रेक्षक मिळत नाही. ज्यास जे मिळत नाही ते दुसऱ्याने पळविले, असे दोघांसही वाटते. प्रत्यक्षात दोघांचेही माप तिसऱ्याच्या हाती आहे. ते माप श्रमाचे नाही, गुणाचे नाही आणि लांबीचेही नाही. ते जाहिरातदाराच्या सोयीचे आहे.

आता दोन्ही पक्षांच्या मागण्या तपासू.

मिनिटांवर मोबदला द्यावा, ही दीर्घपक्षाची मागणी मान्य केली तर काय होईल, याची कल्पना करावी लागत नाही. ते होऊन गेले आहे. पूर्वी दहा मिनिटांहून लांब चित्रफितीच्या मध्ये जाहिरात घालता येत असे. जुलै २०२० पासून ती मर्यादा आठ मिनिटांवर आली. पूर्वी सहा मिनिटांचा विषय दहा मिनिटे ताणला जाई, तो नंतर आठ मिनिटे ताणला जाऊ लागला. ‘नमस्कार मंडळी’पासून ‘घंटीचे बटण दाबा’पर्यंतचा जो काला आपण गिळतो, तो या नियमाचा प्रसाद आहे. तिकडे परदेशात टिकटॉकने २०२३ पासून नव्या योजनेत एक मिनिटाहून लांब चित्रफितींसच मोबदला देऊ केला. लगेच पन्नास सेकंदांचे विनोद एक मिनिट दोन सेकंदांचे झाले नसते तरच नवल. माप लांबीचे ठेवले की माणसे लांबी विणतात. आमच्या वडगाव-शहापूरच्या मागावर विणकरास साडीमागे मजुरी मिळते. तेथे निदान साडीची लांबी आणि काठ गिऱ्हाईक बोटांनी चाचपून पाहते. येथे चाचपणारे कोणी नाही.

बरे, दर व्ह्यूस सारखा दर द्यावा, ही लघुपक्षाची मागणी? तिचे फळही दुसऱ्या क्षेत्रात दिसून चुकले आहे, आणि ते क्षेत्र आमच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. स्पॉटिफायसारख्या संगीताच्या मंचावर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते आणि उत्पन्न श्रवणांच्या प्रमाणात वाटले जाते. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. त्यांचा अर्ध्या तासाचा ख्याल कोणी डोळे मिटून पुरता ऐकला तर एक श्रवण; आणि दोन मिनिटांचे कुठलेही गाणे भांडी घासताना लागले तर तेही एक श्रवण. त्या अर्ध्या तासात ते गाणे पंधरा वेळा वाजू शकते आणि पंधरा श्रवणांचा धनी होऊ शकते. शिवाय २०२४ पासून असा नियम झाला की मागल्या बारा महिन्यांत हजार श्रवणे ज्या ध्वनिमुद्रणास मिळाली नाहीत, त्यास काहीच मिळावयाचे नाही. धालोची गाणी अगर एखाद्या वृद्ध कीर्तनकाराचा पूर्वरंग तेथे ठेवणाऱ्याने या नियमाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘एक माणूस, एक मत’ हा लोकशाहीचा न्याय आहे. ‘एक बोट, एक व्ह्यू’ हा न्याय दिसावयास त्याच्यासारखा असला तरी त्याचा सख्खा नव्हे.

कोणी म्हणेल, साधनाने कलेस कापणे आजचे नाही. खरे आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले तेव्हापासून पन्नास वर्षे आपल्या गवयांनी रागास तीन-साडेतीन मिनिटांत बसविले. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब त्या तीन मिनिटांत जे देऊन गेले ते अनेकांस तीन तासांत साधत नाही. परंतु त्या काळी तबकडी तीन मिनिटांची होती म्हणून कोणी मैफल तीन मिनिटांची केली नाही. तबकडीचा पैसा वेगळा, मैफलीची बिदागी वेगळी, संस्थानिकाचे मानधन वेगळे; तीन माप्यांनी तीन मापे चालत, आणि एका मापाने मारले तर दुसरे तारीत असे. आज तबकडी, मैफल, दिवाणखाना आणि गावचा चव्हाटा ही सारी एकाच खिशातल्या काचेत आली आहेत आणि मापी एकच उरला आहे. नवे आहे ते हे.

लघु आणि दीर्घ यांत मूळचे वैर नाही, हे मी येथे मुद्दाम सांगतो. कारण दोन्ही पक्षांच्या लिखाणात एकमेकांविषयीची तुच्छता फार दिसते. बेळगावच्या इंदिरा संतांनी दहा-बारा ओळींच्या कवितेत आयुष्य उभे केले. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी त्याच परिसरातल्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी चार पुस्तके भरून, सावकाश, एकेका वळणावर थांबत सांगितल्या. एका घरात दोन्ही नांदले. खांडेकरांनी ‘ययाति’ लिहिली आणि पानभराच्या रूपककथाही लिहिल्या. कोकणी वाचकांस तर दूर जावयास नको. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या तियात्राची रचनाच अशी की, कथेचे पडदे चालू असतात आणि पडद्यांच्या मध्ये कांतारां येतात. कांतार थोडक्यात, बोचरे, बहुधा त्या आठवड्यातल्या राजकारणावर. कथा लांब, अश्रूंची. प्रेक्षक कांतारास शिट्ट्या देतो आणि कथेसाठी बसून राहतो. तिकीट मात्र एक. कांतार म्हणणाऱ्याने ‘टाळ्या मला अधिक पडल्या, सबब नायकाचे पैसे मला द्या’ असा दावा लावल्याचे माझ्या ऐकिवात नाही; आणि नायकाने ‘मी दोन तास रंगमंचावर होतो’ म्हणून कांतारवाल्यास उपाशी ठेवल्याचेही नाही. लघु दीर्घास श्वास देते, दीर्घ लघूस आसरा देते. जो मंच दोहोंची तिकिटे वेगळी करून एकाच्या गर्दीत दुसऱ्यास हरवून टाकतो, तो दोघांचाही मित्र नव्हे.

येथवर आल्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मांडणारे बहुधा व्यवहारज्ञ म्हणून प्रसिद्ध असतात. ते म्हणतात: कंपनीने तुम्हांस बोलाविले होते काय? अटी वाचून तुम्ही मान्य केल्या. जागा तिची, यंत्रे तिची. न परवडेल तर जाऊ नका. शिवाय हे काय काम आहे? फावल्या वेळेतला छंद!

या आक्षेपास उत्तर देण्यासाठी मी वाचकांस निपाणीस नेतो. निपाणीत आणि आसपास हजारो बायांनी पिढ्यान्पिढ्या विड्या वळल्या. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे अमुक. पान-तंबाखू घरी न्यावयाचा, विड्या वळून आणावयाच्या, आणि मग तपासणाराने त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूस सारावयाच्या. छाट झालेल्या विडीची मजुरी नाही. कोणती विडी छाट आणि का, हे सांगण्याचे बंधन कोणावर नव्हते. कारखानदार त्या वेळी हेच म्हणत: ह्या बाया आमच्या कामगार नव्हेत, त्या घरबसल्या, फावल्या वेळेत, आपल्या खुशीने वळतात. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली जो कायदा झाला, त्याने घरी बसून वळणाऱ्या बाईस कामगार म्हटले, आणि विड्या छाटण्यावरून तंटा झाल्यास त्याचा निवाडा मालकाने नव्हे, तर सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने करावा, अशी तजवीज केली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या १९७४ च्या निकालात कायदा टिकला. तो कायदा पुढे कामाच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु १९६६ साली जे तत्त्व प्रस्थापित झाले ते कोणत्याही संहितेहून मोठे आहे. ते तत्त्व असे: माल जो बनवितो त्यास, माल का नाकारला आणि कसा मोजला, हे विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याचे उत्तर मोजणाऱ्याच्या मर्जीवर नाही.

ज्यांची चित्रफीत ‘अपात्र’ म्हणून उत्पन्नातून वगळली जाते, ज्यांचे व्ह्यू एका रात्रीत दहाव्या हिश्शावर येतात आणि विचारले असता यंत्राने लिहिलेले दोन ओळींचे उत्तर येते, त्यांनी आपल्या मालास निपाणीचा शब्द लावून पाहावा. तो छाट झालेला आहे. फरक इतकाच की निपाणीची बाई तपासणाराचे तोंड तरी पाहू शकत होती.

‘अटी मान्य केल्या’ या मुद्द्यास कायद्यात उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात असे ठरविले की, जेथे एक पक्ष बलाढ्य आणि दुसरा असहाय आहे, आणि दुसऱ्यापुढे सही कर अगर निघून जा एवढाच पर्याय आहे, तेथे विवेकास न पटणारी कलमे न्यायालय पाळावयास लावणार नाही. तो खटला सरकारी महामंडळाच्या नोकरीचा होता, हे मला ठाऊक आहे. खाजगी कंपनीच्या करारास तो जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणत नाही. परंतु ‘सही केली, विषय संपला’ इतकी सरळ आपली न्यायव्यवस्था नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७० मध्येही, दुसऱ्याने फुकट देण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याने भरपाई करावी, असे तत्त्व आहेच. आणि कलावंताच्या वाट्यात विधिमंडळाने हात घालू नये असे ज्यांस वाटते, त्यांनी २०१२ ची लेखाधिकार कायद्याची दुरुस्ती आठवावी. चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांनी करारावर काहीही सही केलेली असो, चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजल्यास स्वामित्वधनाचा समान वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही, असे संसदेने ठरविले. चित्रपटसृष्टी त्यामुळे बुडाली नाही.

आता आमच्या राज्याकडे वळतो. कर्नाटकाने २०२५ साली मंचांवर अवलंबून असलेल्या गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. वर्तमानपत्रांत तो जेवण पोचविणाऱ्या आणि गाडी चालविणाऱ्या मुलांचा कायदा म्हणून गाजला, आणि त्यांचा तो आहेच. परंतु कायदा वाचण्याची वाईट खोड ज्यांस आहे त्यांनी त्याची अनुसूची पाहावी. तीत वाहतूक, अन्न आणि मालपोच यांच्या पंगतीस ‘आशय व माध्यम सेवा’ यांसही पान वाढलेले आहे. कामगाराच्या व्याख्येत नगावर चालणारे सर्व काम समाविष्ट आहे. आणि यंत्राने चालणारी देखरेख व निर्णय यांचा कामगाराच्या उत्पन्नावर कसा परिणाम होतो, हे त्यास समजेल असे सांगावे, हे बंधनही त्यात आहे. चित्रफीत करणारा या व्याख्येत बसतो काय? कंपन्या नाही म्हणतील. ‘काम आम्ही देत नाही, तो आपण होऊन करतो’ असा त्यांचा बचाव असेल. हा बचाव अगदीच टाकाऊ नाही, आणि निर्णय न्यायालयानेच द्यावयाचा आहे. परंतु प्रश्न विचारलाच गेला नाही तर निर्णय कोठून येणार? अनगोळ-टिळकवाडीतल्या, निपाणी-खानापुरातल्या ज्या मुलांचे पोट आज कॅमेऱ्यावर चालते, त्यांनी हा प्रश्न संघटितपणे विचारावा, असे माझे त्यांस सांगणे आहे. प्रश्न मराठीत विचारला काय, कोकणीत विचारला काय आणि कन्नडात विचारला काय. या एका बाबतीत तिघांचे दुःख एक आहे.

तेव्हा मागावे काय? समान दर नको, मिनिटाचा दर नको. मी चार गोष्टी मागतो.

पहिली, हिशेबाची प्रत. रांजणात एकूण किती आले, संगीतासाठी किती निघाले, देशाच्या वाट्यास किती, माझे व्ह्यू किती धरले आणि किती वगळले, हे महिन्याच्या पत्रकात लिहून मिळावे. मे २०२५ मध्ये मुंबईच्या परिषदेत यूट्यूबने सांगितले की मागील तीन वर्षांत भारतातील निर्माते, कलावंत आणि माध्यमसंस्था यांना २१,००० कोटी रुपयांहून अधिक दिले. आकडा मोठा आहे आणि तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्यातले मराठीस किती, कोकणीस किती, दीर्घास किती आणि लघुस किती, हे कळल्यावाचून तो आकडा म्हणजे जत्रेतली एकूण गर्दी झाली. आपल्या गावची पालखी आली की नाही हे त्यावरून समजत नाही.

दुसरी, माप बदलण्यापूर्वी सूचना आणि कारण. आठ मिनिटे, एक मिनिट, तीस सेकंद, हजार श्रवणे, ही सारी मापे एका पक्षाने ठरविली आणि त्यानेच बदलली. बाजार समितीतला काटासुद्धा सरकारी शिक्क्यावाचून चालत नाही. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ च्या मार्च-एप्रिलात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले, ६ एप्रिल रोजी गोळ्या झेलल्या, ते भावासाठी. आणि त्याच्या मुळाशी हीच वेदना होती की माल आमचा आणि भाव ठरविणार व्यापारी. चित्रफीत करणाऱ्यावर तसा प्रसंग आलेला नाही आणि येऊ नये. पण वेदनेची जात ओळखावी.

तिसरी, रांजणाची फोड. ज्याने स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या वाद्याने चित्रफीत केली, त्याच्या नावे त्याने भरलेला पूर्ण हप्ता धरावा. आणि दरवाज्याची अट देशाच्या लोकसंख्येवर नव्हे, भाषेच्या लोकसंख्येवर बेतावी. साडेबावीस लाखांच्या भाषेस एक कोटीची अट लावणे म्हणजे होडीस जहाजाचा नांगर बांधणे होय.

चौथी मागणी कंपनीकडे नाही, आपल्याकडे आहे. जाहिरातीच्या मापाने सर्वच तोलू नये, हे आपल्यालाच पटलेले नसेल तर कंपनीस काय बोल लावावा? आकाशवाणीने कलावंतास श्रेणी देऊन श्रेणीप्रमाणे मानधन देण्याची रीत पाडली. तीत वशिला शिरतो, तपासणारे चुकतात, हे सारे मान्य. परंतु किती लोकांनी ऐकले यावर त्या मानधनाचा आकडा ठरत नसे, आणि म्हणून धारवाडच्या केंद्रावरून अवघड रागसुद्धा निर्धास्तपणे गाइला गेला. महाराष्ट्राचे साहित्य-संस्कृती मंडळ, गोव्याची कला अकादमी, तियात्र अकादमी यांनी छापील पुस्तकास आणि रंगमंचावरच्या प्रयोगास जसे साहाय्य द्यावयाचे, तसे दीर्घ चित्रण आणि ध्वनिमुद्रण यांसही द्यावे. रात्रभर चालणारा दशावतार, साद्यंत चित्रित झालेले तियात्र, गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, यांचे प्रेक्षक आजच्या महिन्यात मिळावयाचे नाहीत. ते वीस वर्षांनी येतील आणि तेव्हा ही माणसे नसतील. वीस वर्षांनंतरच्या प्रेक्षकाचा पैसा आज कोणीतरी पदरचा घालावा लागतो. तो जाहिरातदार घालणार नाही. तो समाजाने घालावयाचा असतो, आणि दिवाळी अंकाची आगाऊ वर्गणी भरणाऱ्या आपल्या समाजास ही रीत नवी नाही.

शेवटी दोन्ही पक्षांस एक विनंती. लघुवाल्याने दीर्घवाल्यास कंटाळवाणा म्हणू नये. दीर्घवाल्याने लघुवाल्यास उथळ म्हणू नये. तुमचे हे शब्द कंपनीस फार उपयोगी पडतात. विडी वळणारी बाई आणि तंबाखू पिकविणारा शेतकरी यांस एकमेकांविरुद्ध उभे करून भाव पाडण्याची विद्या आमच्या भागात फार जुनी आहे. दीर्घाचा भाव वाढला तर लघुचे पैसे जातात, ही समजूत तिच्याच पोटची आहे. वाटा किती, हे विचारण्यापूर्वी एकूण किती, हे दोघांनी मिळून विचारावे. आणि उत्तर येईपर्यंत आपले काम, पाऊण मिनिटाचे असो की पाऊण तासाचे, त्याच्या अंगच्या लांबीनेच करीत राहावे.